आवडत्या मालिकेला हक्काने नावं ठेवा

पत्राचा सारांश असा: पत्रलेखिका चव्वेचाळीस वर्षांच्या आहेत. माहेर कराडचं. २००९ मध्ये लग्न होऊन अमेरिकेत गेल्या आणि आता पिट्सबर्गच्या एका उपनगरात राहतात. सुरुवातीची बरीच वर्षं त्यांच्याकडे डिपेंडंट व्हिसा होता, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. घरात तान्ही मुलगी, बाहेर बर्फ, नवरा संध्याकाळपर्यंत ऑफिसात. दुपारी मुलगी झोपली की त्या टीव्ही लावायच्या. आधी ‘फ्रेंड्स’, मग ‘द ऑफिस’, मग ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ आणि ‘गिलमोर गर्ल्स’. इंग्रजी सुधारलं, थँक्सगिव्हिंगला काय करतात ते कळलं, इथली माणसं कशाला हसतात आणि कशावर गप्प बसतात तेही उमगत गेलं. आज त्या एका दातांच्या दवाखान्यात फ्रंट डेस्कला काम करतात. तिथल्या मैत्रिणी दर आठवड्याला एका संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमून जुन्या मालिका पुन्हा बघतात. कुठल्या भागात कोण काय म्हणालं हे सगळ्यात जास्त पाठ असतं ते या मराठी बाईंना. मध्यंतरी एक जण कौतुकाने म्हणाली, “तू तर आमच्याहून जास्त अमेरिकन आहेस.” त्यांना आनंद झाला. घरी येऊन लेकीला सांगितलं, तर पंधरा वर्षांची लेक म्हणाली, “आई, तुझी अमेरिका टीव्हीतली आहे. खरी नाही.” नवरा म्हणतो, मालिका बघण्यापेक्षा या देशाचा इतिहास वाच. नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला आहे, शपथविधी दोन महिन्यांवर आला आहे, आणि त्यांना रात्री झोप लागत नाही. त्या विचारतात: मी खऱ्या अमेरिकेला कधी भेटलेच नाही का? हा सगळा उथळपणा आहे का? शपथ घेण्याआधी मालिका सोडून काहीतरी गंभीर करायला हवं का?

नमस्कार ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मालिका सोडू नका. इतिहास जरूर वाचा, पण मालिकांची शिक्षा म्हणून वाचू नका.

ज्या दुपारींविषयी तुम्ही लाजत लाजत लिहिलंय त्यांच्याकडे जरा नीट बघू या. एच-फोर या डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकांना २०१५ पर्यंत नोकरी करताच येत नव्हती, त्यानंतरही ती मुभा ठरावीक जणींनाच मिळाली. शिकलेली, नोकरी करून आलेली बाई नव्या देशात येते. बँकेचं खातं नवऱ्याच्या नावावर, गाडी चालवता येत नाही, शेजारी नुसते हात हलवून जातात. अशा वेळी त्या देशाची माणसं तुमच्या घरात येऊन बोलतील अशी एकच सोय होती. तुम्ही ती वापरलीत. ऐकून ऐकून भाषा शिकलात, आई आणि वयात आलेली मुलगी तिथे कशा भांडतात ते बघितलंत, बॉसला पहिल्या नावाने हाक मारतात हे पचवलंत. तेव्हा तुमच्या हाताशी दुसरी शाळा नव्हती. या शिक्षणाला उथळ म्हणायला मी तयार नाही.

आता लेकीच्या वाक्याकडे येऊ. तुमच्या पत्रात ‘खरी अमेरिका’ अशा सुरात आलीय की जणू ती कुठेतरी एका जागी आहे, बाकी सगळ्यांनी ती पाहिलीय आणि तुम्ही तेवढ्या बाहेर राहिलात. तुमच्या दवाखान्यातल्या मैत्रिणींना एकदा विचारा, न्यूयॉर्कमध्ये त्या कितीदा राहून आल्या? पश्चिम पेनसिल्वेनियात जन्म काढलेल्या कितीतरी माणसांनाही मॅनहॅटनमधलं घर ठाऊक आहे ते ‘फ्रेंड्स’मधल्या त्या सहा मित्रांमुळेच. आणि ते घर मुळात कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या स्टुडिओत उभं केलेलं होतं. ‘द ऑफिस’मधलं स्क्रँटन हे तुमच्याच राज्यातलं शहर, पण चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या परिसरातलं. ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’मधलं पॉनी आणि ‘गिलमोर गर्ल्स’मधलं स्टार्स हॉलो ही गावं तर मनानेच रचलेली. म्हणजे तुमच्या मैत्रिणींची अमेरिकाही बऱ्याच अंशी पडद्यावरूनच आलेली आहे. त्यांना तिची लाज वाटत नाही, इतकाच फरक.

त्या देशात टीव्हीने केलेलं काम आपण इथून कमी लेखतो. एवढा पसरलेला देश, प्रत्येक राज्याचे कायदे वेगळे, चर्च वेगळी, शाळेत शिकवला जाणारा इतिहाससुद्धा सगळीकडे सारखा नाही. सगळ्यांनी मिळून अनुभवलेलं असं त्यांच्याकडे फार थोडं आहे, आणि त्या थोड्यात मालिका येतात. २८ फेब्रुवारी १९८३ च्या रात्री ‘मॅश’ या मालिकेचा शेवटचा भाग साडेदहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळाची ती गोष्ट, पण सुरू झाली १९७२ मध्ये, व्हिएतनामची लढाई चालू असताना, आणि बघणाऱ्यांना आपण कुठल्या युद्धाबद्दल बघतोय हे कळत होतं. ६ मे २००४ ला ‘फ्रेंड्स’ संपली तेव्हा सव्वापाच कोटी लोक टीव्हीपुढे होते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेतली आर्ची बंकरची खुर्ची जपून ठेवलेली आहे. हा आर्ची म्हणजे क्वीन्समध्ये राहणारा, काळ्या लोकांबद्दल, ज्यूंबद्दल, बायकांबद्दल तोंडाला येईल ते बोलणारा कामगार. १९७१ पासून आठ वर्षं तो दर आठवड्याला त्या खुर्चीत बसून जावयाशी भांडला, आणि घराघरांत तीच भांडणं चालू असलेला देश ते बघत राहिला. राष्ट्रीय संग्रहालयाला ती खुर्ची ठेवावीशी वाटते, कारण त्या काळाचा इतिहास सांगायचा तर तिच्याशिवाय सांगता येत नाही. तुमचे यजमान म्हणतात तो इतिहास आणि तुम्ही बघता त्या मालिका या दोन लांबलांबच्या गोष्टी नाहीत, हे त्यांनाही दाखवा.

इथवर मी तुमच्या बाजूने बोलले. आता जे खटकलं ते सांगते.

तुमच्या पत्रात चार मालिकांचं प्रेम आहे, पण त्यातल्या एकीविषयीही तक्रार नाही. एकही पात्र चुकीचं लिहिलंय असं तुम्हाला वाटलेलं नाही, कुठला विनोद बोचलेला नाही, अमुक माणसं यात का नाहीत असा प्रश्न पडलेला नाही. जेवायला आलेला पाहुणा ताटातलं सगळं छान म्हणतो. आमटीत मीठ कमी आहे असं म्हणायचा हक्क घरच्या माणसाचा. इतकी वर्षं तुम्ही अमेरिकेकडे पाहुण्यासारखं बघत आला आहात, सगळं छान म्हणत. मला वाटतं तुमची बेचैनी तिथून येते. लेकीला कदाचित हेच दिसलं असेल, नेमक्या शब्दांत मांडता आलं नसेल.

‘फ्रेंड्स’चंच घ्या. न्यूयॉर्कसारख्या शहरात दहा वर्षं चाललेली मालिका, आणि सहाही मित्र गोरे. काळी अभिनेत्री थोडी मोठी भूमिका घेऊन आली ती थेट नवव्या वर्षी, आयशा टायलर, आणि तीही मोजक्या भागांसाठी. त्याच शहरात राहणाऱ्या, एकमेकांच्या घरात पडीक असणाऱ्या सहा मित्रांची मालिका ‘फ्रेंड्स’च्या एक वर्ष आधीच सुरू झालेली होती. तिचं नाव ‘लिव्हिंग सिंगल’. ब्रुकलिनमधली सहा काळी तरुण मंडळी, क्वीन लतिफा त्यातली एक, आणि मालिका रचणारी यवेट ली बाऊजर ही काळी लेखिका. दोन्ही मालिका एकाच स्टुडिओ कंपनीच्या. पहिली जगभर गेली, तुमच्या दुपारींपर्यंत आली. दुसरी आपल्यापैकी फार थोड्यांना ऐकून माहीत असते. पुढे ‘फ्रेंड्स’च्या सहनिर्मात्या मार्टा कॉफमन यांनी आपल्या मालिकेतली ही उणीव उघडपणे कबूल केली आणि २०२२ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाला आफ्रिकी व आफ्रिकी-अमेरिकी अभ्यासासाठी ४० लाख डॉलर दिले. मालिका लिहिणाऱ्या बाईला स्वतःच्या कामात उणीव दिसू शकते, तर आपणही ती बघायला हरकत नसावी. तेवढ्याने प्रेम कमी होत नाही. तुम्ही ‘लिव्हिंग सिंगल’चे दोन भाग बघा आणि मग तुमचा आवडता ‘फ्रेंड्स’चा भाग पुन्हा लावा, हसू येईलच, फक्त चौकटीच्या बाहेर कोण राहिलं हेही दिसेल.

आणि चाहत्यांनी भांडणं ही तर त्या देशातली जुनी रीत आहे. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळातली मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या वर्षी ती बंद होणार अशी चिन्हं दिसल्यावर जॉन आणि बिजो ट्रिम्बल या दांपत्याने पत्रांची मोहीम उभारली. इंटरनेट नव्हतं, लोकांनी हाताने पत्रं लिहिली, विद्यार्थी बरबँकला वाहिनीच्या दारात मोर्चा घेऊन गेले. वाहिनीकडे पत्रांचा इतका पाऊस पडला की मार्च १९६८ मध्ये तिने मालिका चालू राहणार हे टीव्हीवरूनच जाहीर केलं. १९७६ मध्ये याच चाहत्यांनी व्हाइट हाउसला पत्रं लिहून नासाच्या पहिल्या शटलचं ठरलेलं ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नाव बदलायला लावलं आणि ते ‘एंटरप्राइझ’ झालं, मालिकेतल्या यानाचं नाव. या मालिकेत उहुरा झालेल्या निशेल निकोल्स सांगत की पहिल्या वर्षानंतर त्या सोडून जाणार होत्या, पण मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबायला सांगितलं, कारण काळी बाई यानाच्या मुख्य कक्षात बरोबरीने बसलेली दिसणं मोठी गोष्ट होती. पुढे त्यांनी नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवार मिळवायचं काम केलं. टीव्हीची आवड माणसाला सोफ्यावरून उठवून कुठवर नेऊ शकते त्याचं हे एक उदाहरण. पत्र लिहिणारी ती माणसं, आपल्याला या देशात काय बघायचंय हे ठरवण्यात भाग घेत होती. नागरिकाकडून वेगळं काय अपेक्षित असतं?

आपल्या माणसांचंही उदाहरण आहे. ‘द सिम्पसन्स’मधला अपू नावाचा भारतीय दुकानदार तुम्हाला माहीत असेल. त्याचा आवाज हँक अझारिया हा गोरा नट काढायचा, मुद्दाम केलेल्या हेल काढून बोलण्यासकट. तो हेल काढून भारतीय पोरांना शाळेत चिडवलं जायचं. हरी कोंडाबोलू हा न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, तेलुगू आईबापांचा विनोदवीर. त्याने २०१७ मध्ये अपूवर माहितीपट केला. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की कोंडाबोलू ‘द सिम्पसन्स’चा चाहता आहे. ती बघत तो मोठा झाला, विनोद कसा लिहितात ते त्यातून शिकला, आणि म्हणूनच गप्प बसला नाही. वाद बराच पेटला. जानेवारी २०२० मध्ये अझारियाने अपूचा आवाज देणं थांबवल्याचं सांगितलं.

तुमच्या लेकीशी बोलण्याआधी ही गोष्ट मनात घोळवा. तुम्हाला दवाखान्यात “आमच्याहून जास्त अमेरिकन” हे कौतुक मिळालं. ती तिथेच जन्मलेली, तरी तिला शाळेत किंवा दुकानात “तू मूळची कुठली?” असं विचारलं जात असण्याची शक्यता बरीच आहे. आईला चार मालिकांच्या बळावर जे प्रमाणपत्र हसत हसत मिळतं, ते तिला जन्माने मिळूनही दाखवत फिरावं लागत असेल. असं असेल तर तुमच्या आनंदाने तिला बोचलं यात नवल नाही. मी हे अंदाजाने लिहितेय. खरं काय ते तीच सांगेल. तिला “तू असं का म्हणालीस?” असं विचारू नका, ती कोर्टात उभी केल्यासारखी गप्प होईल. तिला विचारा, टीव्हीवर तुझ्यासारखी मुलगी कुठे दिसली का? आणि तिने सांगितलं ते तिच्याबरोबर बसून बघा. कदाचित ‘नेव्हर हॅव आय एव्हर’ ही भारतीय-अमेरिकन मुलीची मालिका निघेल, कदाचित तिला ती मालिका अजिबात आवडत नसेल आणि का नाही यावर ती तासभर बोलेल. तो तास तुम्हाला हवाच आहे.

ही मालिका ज्यांनी सहनिर्मित केली त्या मिंडी केलिंग तुमच्या ‘द ऑफिस’मधल्याच. तिसऱ्या वर्षीचा दिवाळीचा भाग त्यांनी लिहिला, नोव्हेंबर २००६ मधला. त्यात त्यांनीच रंगवलेल्या केली कपूरला दिवाळीचा उगम विचारतात, आणि तिला सांगता येत नाही. खूप जुना सण आहे एवढंच म्हणते. अनेक मराठी घरांत या प्रसंगाला फक्त हसून पुढे जातात. मला त्यात बरंच काही दिसतं. तिथे वाढलेल्या मुलीवर नेहमीच एका अख्ख्या संस्कृतीची प्रवक्ती होण्याची जबाबदारी टाकली जाते, आणि केली ती सरळ झटकते, तिला नाचायचं असतं. हा भाग मायलेकींनी एकत्र बघा. तुम्हाला केलीचा राग येतो की तिची बाजू पटते, आणि लेकीला काय वाटतं, हे दोघींनी एकमेकींना सांगा.

मैत्रिणीच्या त्या कौतुकाचं काय करायचं, असंही तुम्ही विचारलंय. ती प्रेमाने बोलली, ते प्रेम घ्या. पण ‘जास्त अमेरिकन’ आणि ‘कमी अमेरिकन’ ही मोजणी मनातून काढा, कारण त्या मापाचा इतिहास वाईट आहे. भगतसिंग थिंड हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात काम केलेले शीख गृहस्थ. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ते गोरे ठरत नाहीत म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत. त्यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या कित्येक भारतीयांचंही काढून घेण्यात आलं. भारतीयांना नागरिक व्हायचा हक्क मिळाला १९४६ च्या कायद्याने, आणि तेव्हाही भारतातून वर्षाला जेमतेम शंभर जणांना यायची परवानगी. दार नीट उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. अमेरिकन कोणाला म्हणायचं हे त्या देशात कधीच एकदा ठरून संपलेलं नाही. कोर्टात, संसदेत, रस्त्यावर त्यावर वाद झालेत, टीव्हीवरही होतात. तुम्ही शपथ घ्याल तेव्हा त्या वादात तुम्हालाही बोलायचा अधिकार मिळेल.

आपल्या भाषेतही याची वाट आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, म्हणजे तुमच्याच राज्यात. मग तो देश उभा आडवा हिंडल्या आणि १८८९ मध्ये मराठीत त्यावर पुस्तक लिहिलं, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. तिथल्या बायकांच्या संघटनांचं, शिक्षणाचं त्यांनी मनापासून कौतुक केलं, आणि काळ्या लोकांना मिळणारी वागणूक, मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय हेही लिहिलं. त्या तर परक्या देशात खरोखर पाहुण्या होत्या, तरी स्पष्ट बोलल्या. यजमानांनी इतिहास वाचायचा आग्रह धरलाच आहे तर सुरुवात याच पुस्तकापासून करा, दोघांनी मिळून.

आता रोजच्या जगण्यात काय करता येईल ते सांगते, कारण अशीच पत्रं मला इतरांकडूनही येतात. कुणी शिकायला गेलेला मुलगा असतो, कुणी नातवंडांसाठी सहा महिने गेलेले आजीआजोबा असतात.

तुमची मालिकांची संध्याकाळ हा तुमच्या हातातला सगळ्यात मोठा ठेवा आहे. तिथे भाग संपल्यावर मैत्रिणींना विचारायला लागा, “तुझ्या घरी असंच व्हायचं का?” थँक्सगिव्हिंगच्या प्रसंगावर विचारा, नोकरी गेल्याच्या प्रसंगावर विचारा, म्हाताऱ्या आईला वृद्धाश्रमात ठेवण्याच्या प्रसंगावर विचारा. पिट्सबर्ग हे पोलादाचं शहर. १९८० च्या दशकात तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारो घरांचं जगणं बदललं. तुमच्याहून थोड्या मोठ्या स्थानिक बाईला वडिलांची ती वर्षं आठवत असतील. मालिकेतल्या एका वाक्यावरून ती बोलायला लागेल. एरवी दवाखान्यात तुम्ही तिला असं काही विचारूच शकला नसता. आणि तिने विचारलं तर कराडविषयी सांगा. आजवर त्यांचीच पात्रं तुम्ही पाठ केलीत, तुमच्या घरची पात्रं त्यांनाही कळू द्यात.

मालिका निवडताना एखादी तुमच्या सवयीबाहेरची घ्या. ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’ फिलाडेल्फियातल्या सरकारी शाळेची आहे, पैसा नसलेल्या शाळेत शिक्षक कसे तग धरतात ते त्यात हसत हसत कळतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यांना ती फार परकी वाटणार नाही. ‘रेझर्व्हेशन डॉग्ज’ ओक्लाहोमातल्या मूळ रहिवासी मुलांची, आणि लिहिणारे, दिग्दर्शन करणारेही त्याच समाजातले. ही दुसरी मी आवर्जून सुचवते. तुम्ही ज्या देशाची शपथ घेणार आहात तो देश ज्यांच्याकडून घेतला, त्यांची पोरं आज कशी हसतात, कुणासाठी रडतात, हे त्यात दिसतं. अभ्यास म्हणून बघू नका. नाही आवडली तर बंद करा आणि का आवडली नाही ते कुणाला तरी सांगा.

‘पार्क्स अँड रिक्रिएशन’मधल्या त्या गावसभा तुम्हाला आवडतात असं लिहिलंय. तशी सभा तुमच्या टाउनशिपमध्येही, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या तिथल्या स्थानिक संस्थेत, भरते, आणि पेनसिल्वेनियाच्या कायद्यानुसार तिथल्या रहिवाशाला आणि कर भरणाऱ्याला सभेत बोलायची संधी द्यावी लागते. नागरिकत्वाची अट नाही, म्हणजे हे तुम्ही कधीपासूनच करू शकत होतात. एकदा जाऊन मागच्या रांगेत बसा. पार्किंग, झाडं, सांडपाणी, शाळेचा कर असे विषय निघतील. मालिकेतल्यासारखी विक्षिप्त माणसंही भेटतील, आणि तितकीच चिकाटीची.

आणि लेकीला घेऊन स्क्रँटनला जा. तुमच्याकडून गाडीने साडेचार-पाच तास. मालिकेच्या सुरुवातीला शहराची जी दृश्यं दिसतात ती जॉन क्रासिन्स्कीने स्वतः जाऊन टिपलेली आहेत. त्यातला कागद कंपनीचा मनोरा अजून उभा आहे. त्याच्यासमोर फोटो काढाच. मग गावातल्या लॅकावॅना खाणीत उतरा. जमिनीखाली सुमारे तीनशे फूट नेतात, आत गारठा असतो तेव्हा स्वेटर हवा. खाण वर्षभर उघडी नसते, आधी चौकशी करा. हे शहर दगडी कोळशावर उभं राहिलं, आणि कोळसा काढला तो वेल्स, आयर्लंड, पोलंड, लिथुआनिया, इटलीतून आलेल्यांनी, त्यांच्या लहान पोरांनी. १९०२ मध्ये जवळजवळ दीड लाख कामगार पाच महिने संपावर गेले. शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना मध्ये पडावं लागलं, चौकशी समितीची सुनावणी स्क्रँटनच्या कोर्टात झाली, पगार दहा टक्के वाढला. त्या कामगारांनाही तेव्हा परके, अडाणी, खऱ्या अमेरिकन रीतीचे नसलेले असंच म्हणत. आज त्यांची पणतवंडं तुमच्याबरोबर बसून ‘द ऑफिस’ बघत असतील. लेकीला हे व्याख्यान देऊ नका. तिला नुसतं खाली घेऊन जा.

जे परदेशी नाहीत, पुण्यात किंवा नाशकात बसून या मालिका बघतात आणि अमेरिका कळली असं समजतात, त्यांना एवढंच सांगेन की प्रत्येक मालिकेमागे न दाखवलेला एक शेजार असतो, तो शोधा. सहा महिन्यांसाठी गेलेल्या आजीआजोबांनी नातवंडांच्या आवडीची मालिका त्यांच्याबरोबर बसून बघावी आणि न कळेल तिथे थांबवून विचारावं. नातवंडांना शिकवायला आवडतं.

शपथेविषयी एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण ओळींमधून जाणवली. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. शपथ घेतली की तुमचं भारतीय नागरिकत्व जाईल, पासपोर्ट परत करावा लागेल, परदेशस्थ भारतीयांचं ओसीआय कार्ड मिळेल पण मत देता येणार नाही. रात्रीची झोप उडायला हेही कारण असू शकतं, आणि त्यासाठी मालिकांना दोष देऊन उपयोग नाही. वाईट वाटत असेल तर यजमानांशी बोला. त्यांनाही वाटतच असेल, आणि इतिहास वाचायच्या त्यांच्या आग्रहामागे कदाचित तेच असेल. आईवडील असतील तर त्यांनाही आधी सांगा. ही बातमी त्यांना नंतर फोटोतून कळू नये.

शपथविधीला दवाखान्यातल्या मैत्रिणींना बोलवा. किती जणांना आणता येतं ते बोलावण्याच्या पत्रात बघून घ्या. त्याच दिवशी मतदार नोंदणीचा अर्ज भरून टाका. तुमच्या राज्यात टाउनशिपच्या आणि शाळा मंडळाच्या निवडणुका विषम वर्षांत होतात आणि त्यांना मतदान फार कमी होतं, त्यामुळे तिथे एकेका मताला वजन असतं. पहिलं मत तिथेच द्या.